कोणते वानखडे?

‘शॅडोज’ या चित्रपटातला एक प्रसंग आहे, जेमतेम काही मिनिटांचा. न्यूयॉर्कमधलं साधं भाड्याचं घर. लेलिया नावाची विशीतली मुलगी टोनीला घेऊन घरी आलेली आहे. ओळख नवी आहे, जवळीक मात्र बरीच पुढे गेलेली. टोनी गोरा, आणि लेलियाही त्याला गोरीच वाटलेली. तेवढ्यात तिचा भाऊ ह्यू घरात येतो. ह्यू काळा आहे. लेलिया ओळख करून देते, हा माझा भाऊ. कुणी ओरडत नाही, शिवी देत नाही. टोनी भावाकडे बघतो, बहिणीकडे बघतो, आणि त्याला एकाएकी आठवतं की आपल्याला दुसरीकडे कुठेतरी जायचंय.

ह्यूला हे कळायला क्षणही लागत नाही. लेलिया मात्र टोनीला थांबवत राहते, काही झालंच नाही असं बोलत राहते. ह्यू त्याला दार दाखवतो. बहिणीच्या आधी भावाला कळतं, याचं कारण साधं आहे. गोरी दिसणारी बहीण असं बघणं क्वचितच झेलते. ह्यू रोज झेलतो. त्याला त्या नजरेचा चढउतार पाठ आहे.

जॉन कॅसाव्हेट्सचा हा पहिला चित्रपट. तो तेव्हा नट म्हणून नावारूपाला येत होता आणि न्यूयॉर्कमध्ये अभिनयाची कार्यशाळा चालवत होता. कार्यशाळेतल्या मुलांनी आपापल्या मनाने उभ्या केलेल्या एका प्रसंगातून हा चित्रपट निघाला. १९५७ साली रेडिओवरच्या रात्रीच्या एका कार्यक्रमात त्याने श्रोत्यांना सांगितलं, साध्या माणसांचा चित्रपट हवा असेल तर पैसे पाठवा. आणि लोकांनी एक-दोन डॉलरच्या नोटा पाकिटात घालून पाठवल्या, आपल्याकडे जयंतीची वर्गणी जमते तशा. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, नवखे नट, परवानगी न घेता रस्त्यावर केलेलं चित्रण. पहिली प्रत १९५८ मध्ये दाखवली, ती त्याचं त्यालाच पटेना. मग १९५९ मध्ये बराचसा भाग नव्याने चित्रित केला. शेवटी पडद्यावर पाटी येते की हा चित्रपट उत्स्फूर्त आहे. ते पूर्ण खरं नाही, दुसऱ्या वेळी बरेच प्रसंग लिहून घेतलेले होते. पण टोनीचा चेहरा बघताना ती पाटी खरी वाटते. १९६० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांनी या चित्रपटाला गौरवलं.

गोऱ्या आणि काळ्या माणसांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला हॉलिवूडच्या स्वतःच्याच नियमावलीत १९५६ पर्यंत बंदी होती. लग्नाचं तर विचारूच नका. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांवरची बंदी रद्द करणारा निकाल दिला तेव्हाही सोळा राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. न्यूयॉर्क त्या सोळांत नव्हतं. म्हणजे टोनीला कुठला कायदा आडवा आला नव्हता. लेलियाच्या घरातला कुणी त्याला मारणार नव्हता, पोलीस येणार नव्हते. त्याला अवघडल्यासारखं झालं, बस्स. एवढ्यावर एका मुलीचं जग मोडलं.

मी हा चित्रपट आमच्या गावात दाखवला. यवतमाळ जिल्ह्यातलं कापूस, तूर, सोयाबीनचं गाव. एप्रिलचे दिवस, जयंतीचा आठवडा. विहाराच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, तिथल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, कूलर सुरू केला आणि मधेमधे थांबवून मराठीत सांगत गेले. भाषा कळेना म्हणून काही जण उठून गेले, साहजिकच आहे. पण ह्यू घरात आला आणि मी सांगायच्या आधीच मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली, “पाह्य बाई, त्याचं तोंड कसं उतरलं.” तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. पडद्यावर कोण कोणाचं कोण, हेही तिने मला दोनदा विचारून घेतलं होतं. पण तोंड उतरणं तिला ओळखू आलं.

मग पोरांचा वाद सुरू झाला. एक मुलगा म्हणाला, “ताई, तिनं त्याले आधीच सांगाले पाह्यजे होतं. लपवलं ना तिनं.” पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी तिथल्या तिथे उसळली. “कायले सांगाव? त्यानं सांगतलं होतं काय तिले, मी गोरा आहो म्हणून?”

या वाक्यापुढे मला चित्रपटाबद्दल वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. लेलियाने काही लपवलेलं नव्हतं. ती आपल्या घरात, आपल्या माणसांत राहत होती आणि त्याला त्याच घरात घेऊन आली होती. आधी जाहीर करायची जबाबदारी तिची, हे कुणी ठरवलं? आपण कोण हे टोनीला कुणी विचारत नाही. तो जन्मला तोच उत्तर देऊन.

आमचं आडनाव वानखडे. वऱ्हाडात वानखडे कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही समाजांत आहेत. इंगळे, तायडे, भगत यांचंही तसंच. गजभिये, रामटेके, खोब्रागडे म्हटलं की आमच्या भागात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारणाऱ्याला उत्तर मिळालेलं असतं. वानखडे म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कोणते वानखडे? गाव कोणतं? मामाचं आडनाव काय? सोयरे कुठले? घर गावात कोणत्या बाजूला? विचारणारा हसतमुख असतो, बसमध्ये शेजारी जागा देणारा असतो, डब्यातला ठेचा पुढे करणारा असतो. प्रश्नही ओळख वाढवण्याच्या सुरात येतात. पण मामाच्या आडनावाशी ते थांबले की मला कळतं, माणसाला हवं होतं ते मिळालं.

वर्ण दिसतो आणि जात विचारावी लागते, असं म्हणून लोक या दोन गोष्टी वेगळ्या काढतात. फरक खराच आहे. काळ्या माणसाला रस्त्यावरून चालताना आपला रंग घरी ठेवून येता येत नाही. पण ‘शॅडोज’ने नेमकी अशी मुलगी निवडली जिचा वर्ण दिसत नाही. म्हणून हा चित्रपट मला इतका जवळचा वाटतो. लेलियाच्या बाबतीत वर्ण जातीसारखा वागतो. तो भावाच्या रूपाने दारातून आत येतो.

माझाही भाऊ असाच आत आला होता. मी शहरात शिकायला होते, एका घरात वरच्या मजल्यावर भाड्याने खोली घेतलेली. खालच्या काकूंचा माझ्यावर फार जीव. संकष्टीला साबुदाणा वर यायचा, मी केलेलं वांग्याचं भरीत खाली जायचं आणि त्या आवडीने खायच्या. आडनाव वानखडे, बोलणं वऱ्हाडी, गाव कापसाचं. एवढ्यावर त्यांनी स्वतःशी काही ठरवून घेतलं होतं. मला त्यांनी कधी विचारलं नाही, मीही आपण होऊन सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

दादा तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन आला. काकूंनी त्याला खालीच बसवलं, पाणी दिलं, पोहे केले. कापसाला यंदा काय भाव लागला, बोंडअळी किती होती, अशा गप्पा चाललेल्या. काकू ताटलीत आणखी पोहे वाढायला वाकल्या होत्या आणि दादाच्या खिशातला मोबाइल वाजला. रिंगटोन भीमगीताची होती. ढोलकी, पेटी आणि मोठ्या आवाजात बाबासाहेबांचं नाव. दादाने घाईने बंद वगैरे केली नाही. शांतपणे मोबाइल काढला, नाव बघितलं, बोलायला बाहेर गेला. काकूंच्या हातातला चमचा ताटलीवर तसाच होता. त्यातले पोहे त्यांनी परत पातेल्यात टाकले. मग म्हणाल्या, “अगं बाई, गॅसवर दूध ठेवलंय,” आणि आत गेल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातच बसले होते. गॅसवर काहीही नव्हतं.

जिन्यात दादा म्हणाला, “दुसरी खोली पाहून ठेव.”

“काहून? काकू तशा नाहीत.”

“मी कुठं म्हणलं तशा आहेत म्हणून? खोली पाहून ठेव.”

महिनाअखेरीला काकूंचा पुतण्या शिकायला येणार असल्याचं कळलं. सांगताना त्यांना खरंच त्रास होत होता. नजर जमिनीवर, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. आणि मी काय केलं? मी त्यांना त्यातून सोडवलं. म्हणाले, काही हरकत नाही काकू, मलाही मैत्रिणींसोबत राहायचंच होतं. त्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला. जाताना त्यांनी मला लोणच्याची बरणी दिली.

काकूंना मी वाईट म्हणत नाही, टोनीलाही म्हणत नाही. दोघांनाही आपल्याबद्दल बरं मत आहे, आणि ते मत सांभाळायलाच दोघं निमित्त शोधतात. एकाला काम आठवतं, दुसरीला दूध. मला राग येतो तो पुढच्या वाटणीचा. अवघडल्यासारखं होतं त्यांना, आणि ते दूर करायचं काम येतं आपल्याकडे. आपण हसायचं, विषय बदलायचा, त्यांच्या निमित्ताला होकार द्यायचा, आपल्यामुळे कुणाला ओशाळवाणं वाटू नये म्हणून झटायचं. लेलिया तेच करत असते. टोनी दाराकडे सरकतोय आणि त्याला ते सोपं जावं म्हणून की काय, ती बोलतेय, बोलतेय.

गावात तर या कामाची पूर्ण व्यवस्था लागलेली आहे. पूर्वी हॉटेलात आमच्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या असत, बाहेर खुंटीला किंवा कोनाड्यात. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ चा कायदा आला, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. आता तशी कपबशी ठेवायची कुणाची छाती नाही. पण कागदी कप आले. माझ्या घरी कुणी सवर्ण पाहुणा आला की आई कागदी कपात चहा देते, न विचारता. पाण्याची सीलबंद बाटली पिशवीतून काढून ठेवते. पाहुण्याने मागितलेलं नसतं. आईने त्याचा प्रश्न परस्पर सोडवलेला असतो. पाहुणा चहा घेतो, घराचं कौतुक करतो, भिंतीवरच्या फोटोकडे न बघता बोलतो आणि जातो. कुणाचा अपमान झालेला नसतो. तक्रार करावी असं काही घडलेलं नसतं. कप चुरगाळून चुलीत जातो.

आमच्याकडच्या लग्नातही पाहतेच. गावातल्या बाकीच्यांसाठी वेगळा आचारी, वेगळी चूल, वेगळा मांडव. खर्च आमचा, सोयही आम्हीच बघायची. ते येऊन जेवून जातात याचं आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना अप्रूप असतं, आणि त्या अप्रूपाला मी हसू शकत नाही. त्यांनी याहून फार वाईट पाहिलेलं आहे. १९५६ च्या चौदा ऑक्टोबरला माझे आजोबा नागपूरला धम्मदीक्षा घेऊन परतले आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं त्यांनी बंद केलं, तेव्हा त्यांना कित्येक महिने गावात मजुरी मिळाली नाही. त्या माणसाच्या लेकाच्या मांडवात गाव जेवायला आलं, ही आजीला छोटी गोष्ट वाटणं शक्यच नव्हतं. पण मी आजी नाही. मला तो दुसरा मांडव दिसतो.

न्यूयॉर्क आणि आमचं गाव यांना एका दमात बोलणं काहींना ओढूनताणून वाटेल. मला नाही वाटत. ज्योतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती आहे. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याच्या प्रती मागवल्या; आणि अस्पृश्यांची व त्या लोकांची स्थिती किती सारखी आहे, हेही लिहिलं. डुबॉइस यांनी जुलैअखेरीस आपुलकीने उत्तर दिलं. दोन्ही पत्रं छोटी आहेत. मी ती अभ्यासिकेच्या भिंतीवर लावली आहेत, मराठी भाषांतरासह, आणि पोरं टीव्हीकडे पाठ करून ती वाचताना मला फार बरं वाटतं.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी म्हटलं आहे की गुलामगिरी उघड असते, गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळतं. अस्पृश्यता आडून येते, म्हणून ती अधिक वाईट. काकूंच्या चमच्यातले पोहे पातेल्यात परत गेले तेव्हा ती आडूनच आली होती. बोट ठेवावं असं काही नाही, साक्षीदार नाही, शब्द नाही. नुसते पोहे.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती छोटी नाही. लेलियाचं काम करणारी लेलिया गोल्डोनी सिसिलियन वंशाची, म्हणजे गोरीच. काळ्या घरातल्या गोऱ्या दिसणाऱ्या मुलीसाठी गोरी नटी घ्यायची ही हॉलिवूडची जुनी रीत, आणि हॉलिवूडला विचारायचं नाही म्हणून निघालेल्या या मंडळींनीही ती पाळली. म्हणून प्रेक्षकाचा जीव सहज लेलियात गुंततो. ह्यू हर्डने केलेला ह्यू मात्र बाजूला राहतो. तो गायक आहे. एका क्लबात त्याला नाचणाऱ्या मुलींची ओळख करून देण्याच्या कामावर उतरावं लागतं. त्याची मानहानी चित्रपटात आहे, पण तिच्यासाठी कॅमेरा तेवढा थांबत नाही. मला तो त्याच्यावर थांबायला हवा होता. त्या घरात सगळ्यात जास्त माहीत असलेला माणूस तोच आहे. माझ्या दादाकडे कुणी कॅमेरा नेला असता, तर जिन्यातल्या त्या दोन वाक्यांवर अख्खा चित्रपट निघाला असता.

आणखी एक गोष्ट पोरांनी हेरली. पुढे लेलिया एका काळ्या तरुणाबरोबर नाचायला जाते आणि त्याच्याशी फटकून, तुसडेपणाने वागते. भरतीवाली पोरगी तेव्हा म्हणाली, “आता हे त्याच्यावर काढून राह्यली.” आपल्याला झालेला अपमान आपण आपल्याच माणसावर काढतो, हे तिला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्यातल्या शिकलेल्या, शहरात स्थिरावलेल्या घरांतून मी हे बघते. गावाकडच्या भावाला म्हणतात, येशील तेव्हा ती रिंगटोन तेवढी बदलून ये. माझ्या तोंडून दादाला असं कधी गेलं नाही, आणि त्याने ती बदललीही नाही.

टोनी परत येतो, हे सांगायला हवं. त्याला पश्चात्ताप झालेला असतो. लेलिया भेटत नाही, म्हणून तो तिच्या दुसऱ्या भावाजवळ निरोप ठेवतो की आपल्यात काही फरक नाही, मला वाईट वाटतंय. तो गेल्यावर घरातले त्या निरोपावर हसतात. अभ्यासिकेत यावरही दोन तट पडले. माफी मागतोय ना, मग सोडून द्यावं, असं काहींचं. बाकीच्यांचं म्हणणं, तो आपलं मन हलकं करायला आला होता. मी दुसऱ्या तटात आहे. फरक नाही हे वाक्य त्याने ह्यू दारात उभा असताना म्हणायचं होतं, तेव्हा त्याची किंमत होती.

सगळं आटोपल्यावर खुर्च्या लावताना एक मुलगा मागे राहिला. कुणब्यांचा, अभ्यासाला रोज येणारा, वादात एक शब्दही न बोललेला. त्याने विचारलं, “ताई, मंग त्या टोनीनं काय कराले पाह्यजे होतं?”

मी म्हटलं, बसायला पाहिजे होतं. भाऊ आला, ओळख झाली, हात मिळवायचा आणि परत खुर्चीत बसायचं.

“आन् मनात कसंतरी होत असंन तं?”

होऊ द्यायचं. ते त्याचं त्याने बघायचं. ह्यू गातो ना, तर काय गाता असं विचारायचं.

त्याने मान हलवली, उरलेल्या खुर्च्या लावल्या आणि सायकल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या घरी आला, पुस्तक मागायचं निमित्त काढून. आईने सवयीने कागदी कप काढला. मी तिच्या हातातून घेतला आणि स्टीलच्या कपात चहा ओतला. पोराने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. विषय काढला नाही, हसले नाही, पंखाही वाढवला नाही. आई अस्वस्थ होऊन आत-बाहेर करत होती. तो जरा वेळ तसाच बसला, मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून त्याने विचारलं की हा फोटो कोणत्या सालचा, आणि बशीत चहा ओतला.